अंगावरचे दूध : पहिल्या तासापासून दूध सोडवण्यापर्यंत

बाळ जितके दूध ओढते तितके पुढचे दूध तयार होते, आणि दूध स्तनात साचून राहिले की ते तयार होण्याचा वेग मंदावतो. स्तनपानाच्या बहुतेक अडचणी आणि त्यांचे उपाय या एका नियमातून निघतात. त्यामुळे सुरुवात लवकर करावी आणि सोडवताना मात्र घाई करू नये. आपल्याकडे पुष्कळ घरांत नेमके उलट घडते. पहिले दोन दिवस बाळाला मध, साखरपाणी किंवा वरचे दूध दिले जाते आणि दीड-दोन वर्षांनी एखाद्या सकाळी अंगावर पाजणे एकाएकी बंद केले जाते.

पहिला तास आणि पहिले तीन दिवस

जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला स्तनाला लावावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझेरियन झाले असले तरी आई शुद्धीवर असेल आणि दोघांची प्रकृती ठीक असेल, तर कोणी बाळाला धरून मदत केल्यास पाजता येते; फार तर थोडा उशीर होतो. ही गोष्ट प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलून ठेवावी, कारण त्या धावपळीत कोणाच्या लक्षात राहत नाही. बाळ कोरडे करून, कपड्यात न गुंडाळता आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवावे आणि दोघांवर मिळून पांघरूण घालावे. त्याने बाळाला ऊब मिळते आणि बरीच बाळे थोड्या वेळाने स्वतःच स्तन शोधू लागतात.

पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. गायीच्या चिकाचा खरवस आपण वाट पाहून, वेलची-केशर घालून खातो आणि आईचा चीक मात्र ‘जड’ किंवा ‘खराब’ म्हणून काही घरांत पिळून टाकला जातो, याचे आश्चर्य वाटते. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये आणि अ जीवनसत्त्व भरपूर असते. तो एका वेळी चहाच्या चमच्याएवढाच येतो, पण पहिल्या दिवशी बाळाची गरजही तेवढीच असते. स्तन हलके आहेत, म्हणजे दूध नाही, असा निष्कर्ष या दिवसांत काढू नये. भरपूर दूध सहसा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते. सिझेरियननंतर एखादा दिवस जास्त लागू शकतो. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंत घटणे नेहमीचे आहे. घट दहा टक्क्यांकडे जाऊ लागली किंवा दोन आठवड्यांनीही जन्मवजन भरून आले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

बाळाला स्तनाला कसे लावावे

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण चिरा पडणे, दूध तटणे, बाळाचे पोट न भरणे अशा बऱ्याच तक्रारी इथे सुरू होतात.

आईने पाठीला आधार घेऊन बसावे. खांदे सैल असावेत आणि मांडीवर उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवून बाळ स्तनाच्या उंचीला आणावे. आईने बाळावर वाकू नये, बाळ आपल्याकडे आणावे. बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत हवी, संपूर्ण अंग आईकडे वळलेले आणि पोट आईच्या पोटाला टेकलेले हवे. पाठ मांडीवर टेकलेली आणि मान तेवढी वळलेली, अशा स्थितीत बाळाला नीट गिळता येत नाही. हवे तर आपण स्वतः मान खांद्याकडे वळवून पाण्याचा घोट घेऊन पाहावा. आधार मानेला आणि खांद्यांना द्यावा. डोक्यामागे हात ठेवून तोंड स्तनावर दाबल्यास बाळ डोके मागे ताणते.

स्तनाग्र बाळाच्या वरच्या ओठावर, नाकाखाली हलकेच टेकवावे आणि थांबावे. हे थांबणे अवघड असते, कारण बाळ रडत असते आणि शेजारी उभे असलेले सगळे सल्ले देत असतात. बाळ जांभई दिल्यासारखे मोठे तोंड उघडेल, त्या क्षणी त्याला चटकन जवळ घ्यावे, म्हणजे आधी हनुवटी स्तनात रुतेल आणि नंतर वरचा ओठ बसेल. नीट लागलेल्या बाळाचा खालचा ओठ बाहेर मुडपलेला दिसतो, हनुवटी स्तनाला टेकलेली असते, गाल फुगीर दिसतात आणि स्तनाग्राभोवतालचा काळा भाग खालच्या बाजूपेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. सुरुवातीला भरभर आणि पान्हा फुटल्यावर संथ, खोल ओढ घेत बाळ मध्येमध्ये गिळते. ते गिळणे ऐकू येते. गालांना खळगे पडत असतील, चटचट आवाज येत असेल किंवा पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिले, तर बाळ फक्त स्तनाग्र चोखत आहे. अशा वेळी ओढून काढू नये. स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे.

सिझेरियनच्या टाक्यांवर भार येत असेल, तर बाळाला काखेखालून, पाय मागे करून घ्यावे किंवा कुशीवर झोपून पाजावे. झोपून पाजताना बाळाच्या तोंडाजवळ जाड पांघरूण किंवा मऊ उशी ठेवू नये.

किती वेळा, आणि पोट भरले हे कसे ओळखावे

पहिल्या महिन्यात २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. घड्याळ लावून दर दोन तासांनी पाजण्यापेक्षा बाळ चुळबुळ करू लागले, तोंड इकडेतिकडे फिरवू लागले किंवा मूठ चोखू लागले की घ्यावे. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. फार झोपाळू, कमी वजनाच्या किंवा कावीळ असलेल्या बाळाला मात्र उठवून पाजावे लागते. एक बाजू पूर्ण होऊ द्यावी, मग दुसरी द्यावी, कारण पाजण्याच्या शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. रात्रीचे पाजणे टाळू नये.

पोट भरते की नाही, हे लंगोटांवरून समजते. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. संध्याकाळी बाळ तासन्‌तास किरकिर करत सारखे प्यायला मागते, स्तन मऊ वाटतात आणि कोणीतरी म्हणते, ‘दूध पुरत नाही, वरचे सुरू करा.’ बाळाच्या वाढीच्या काळात असे दिवस येतातच. त्या जास्त ओढीनेच पुढचे दूध वाढते. त्याच दिवशी पावडरचे दूध सुरू केले, तर बाळ स्तनाला कमी लागते, त्यामुळे दूध खरोखरच कमी होते आणि सल्ला देणारे बरोबर ठरतात! शंका असेल तर वजन करून पाहावे. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ठरावीक भेटी देतात आणि पुढे अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते. ती सोय वापरावी. माता व बाल संरक्षण कार्डावरची वजनाची रेघ शेजाऱ्यांच्या मतापेक्षा विश्वासार्ह असते. बाळ सुस्त पडले, ओढेनासे झाले, ताप आला, लघवी कमी झाली किंवा पिवळेपणा हातापायांपर्यंत पसरला, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, खसखस, शतावरी यांना आपल्या घरांत मान आहे, आणि बाळंतिणीला त्यातून उष्मांक मिळतात, हे खरेच आहे. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. मात्र बाळ स्तनाला कमी लागत असेल, तर कोणत्याही लाडवाने दूध वाढत नाही. बाळंतिणीला पाणी कमी देणे, भाज्या, फळे आणि डाळी बंद करून नुसत्या भात-तुपावर ठेवणे ही पथ्ये सोडून द्यावीत. तहान लागेल तेवढे पाणी तिने प्यावे आणि घरातले सर्व जेवण जेवावे.

पहिले सहा महिने बाळाला पाणीसुद्धा देऊ नये, मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात पुरेसे पाणी असते. डॉक्टरांनी सांगितलेली औषधे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब यांचा याला अपवाद आहे. वर्षाच्या आत मध कधीही देऊ नये, कारण त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळगुटीबद्दल घरात वाद होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड यांचे किती वेढे उगाळले गेले, सहाण आणि पाणी किती स्वच्छ होते, यावर कोणाचेही नियंत्रण नसते, आणि बाळाला त्याची गरज नसते. आजीचा मान राखण्यासाठी बाळाला तेल लावणे आणि शेक देणे तिच्याकडे सोपवावे, गुटी मात्र टाळावी.

दुखणे, गाठी आणि ताप

स्तनाग्राला चीर पडली, तर आधी पकड सुधारावी. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब दूध तिथेच लावून हवेवर वाळू द्यावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन दगडासारखे टणक झाले की बाळाला पकडता येत नाही. अशा वेळी आधी हाताने थोडे दूध काढून काळा भाग मऊ करावा, मग लावावे, आणि पाजल्यानंतर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. एखादी जागा लाल, गरम होऊन थंडी-ताप आला, तर ते स्तनदाहाचे लक्षण आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, पण त्या बाजूने पाजणे बंद करू नये. दूध बाळाला बाधत नाही आणि ते साचू दिल्यास पू होण्याचा धोका वाढतो. कोणतेही औषध घेताना आपण पाजत असल्याचे सांगावे; बहुतेक औषधे चालतात, आणि जी चालत नाहीत त्यांना पर्याय सापडतो.

दूध खरोखरच अपुरे असणाऱ्या माताही असतात. अकाली जन्म, थायरॉइडचा विकार, स्तनावरची जुनी शस्त्रक्रिया अशी कारणे त्यामागे असू शकतात. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे आणि त्याबद्दल आईला कोणी बोल लावू नये. अकाली जन्मलेल्या बाळांसाठी काही रुग्णालयांत मानवी दूधपेढ्या आहेत. आशियातील पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

कामावर परतताना

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आहे. रुजू झाल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी मिळते, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक आहे. या दोन सुट्या दूध काढण्यासाठी मागून घ्याव्यात. घरकाम, शेतमजुरी करणाऱ्या बायकांच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. त्यांना तर दूध काढून ठेवण्याची कला जास्तच उपयोगी पडते.

रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सराव सुरू करावा. हात साबणाने धुऊन, अंगठा काळ्या भागाच्या वरच्या कडेला आणि तर्जनी खालच्या कडेला ठेवून आधी छातीच्या दिशेने मागे दाबावे, मग दोन्ही बोटे एकमेकांकडे दाबून सोडावीत. कातडीवरून बोटे घसरवू नयेत. पहिले मिनिटभर काहीच येत नाही, तेव्हा घाबरू नये. झाकणाचे स्टीलचे भांडे पाण्यात उकळून घ्यावे आणि काढलेले दूध त्यात साठवावे. २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत ते चार तास टिकते. आपल्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूला ठेवावे आणि वीज जात असेल तर २४ तासांत संपवावे. देताना भांडे कोमट पाण्यात ठेवून गरम करावे, गॅसवर उकळू नये. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा जुन्या घरांत असते ते बोंडले वापरावे. बाटलीचे बूच नीट स्वच्छ होत नाही, आणि बाटलीची सवय लागलेले बाळ पुष्कळदा स्तनाला नीट लागत नाही.

उष्टावण आणि त्यानंतरचा रोजचा घास

सहा महिने पूर्ण झाले की, म्हणजे १८० दिवसांनंतर, वरचे अन्न सुरू करावे. मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रीत असलेल्या घरांत मुलीसाठी पाचव्याऐवजी सातवा महिना धरावा. त्याच्याही पुढे मात्र ढकलू नये, कारण जन्मतः मिळालेला लोहाचा साठा या सुमारास संपत येतो.

पहिला घास पातळ नसावा. वरणाचे वरचे पाणी, भाताची निवळ, सफरचंदाचा रस यांनी पोट भरल्यासारखे होते, पण ताकद मिळत नाही. अन्न इतके दाट हवे की चमचा तिरका केला तरी ते घरंगळणार नाही. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळावी. मोड आल्यामुळे स्टार्च काही प्रमाणात फुटतो, म्हणून लापशी दाट करूनही गिळायला सोपी राहते. दोन मोठे चमचे पीठ थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून, मंद आचेवर ढवळत शिजवावे आणि वर चमचाभर तूप सोडावे. मुगाच्या डाळीची गुरगुटी खिचडी, कुस्करलेले रताळे, लाल भोपळा, केळे हे पदार्थ एकेक करून दोन-तीन दिवसांच्या अंतराने वाढवावेत. घरात चालत असेल तर अंडे आणि काटे काढलेला मासा सातव्या-आठव्या महिन्यापासून द्यावा. लोह आणि प्रथिनांसाठी त्याच्या तोडीचे शाकाहारी पदार्थ कमी आहेत. शेंगदाण्याचे कूट शिजवून घालावे, अख्खे दाणे, फुटाणे, द्राक्षे देऊ नयेत, कारण घशात अडकतात. पहिल्या वर्षात साखर आणि वरून मीठ घालू नये.

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा पुरे. आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या वाटीपर्यंत, दोन-तीन वेळा; नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ; वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, इतका अंदाज ठेवावा. इथे वाटी २५० मिलिलिटरची धरली आहे. जबरदस्तीने, मोबाइल समोर धरून भरवू नये. गायी-म्हशीचे दूध वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून देऊ नये. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवावे, कारण दुधानेच पोट भरलेले मूल जेवत नाही आणि रक्ताची कमतरता होते. सरकारी कार्यक्रमातून मिळणारे लोहाचे औषध सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा, एक मिलिलिटर द्यावे. अतिसार झाल्यास अंगावरचे दूध आणि अन्न चालू ठेवून जलसंजीवनी आणि १४ दिवस झिंक द्यावे.

दूध सोडवणे

दोन वर्षांपर्यंत आणि दोघांना हवे असेल तर त्यापुढेही पाजावे. त्याआधी सोडवावे लागले तरी ते अपयश नव्हे. सोडवण्यास योग्य वेळ म्हणजे मूल निरोगी आहे, तीन-चार वेळा नीट जेवते आणि घरात मोठा बदल चाललेला नाही. आजारपण, घर बदलणे किंवा पाळणाघर सुरू होणे, यांच्याबरोबर हे काम काढू नये.

आधी दिवसभरातले कोणते पाजणे मुलाला सर्वांत कमी प्रिय आहे, ते ओळखावे. बहुधा ते दुपारचे, कंटाळ्यापोटी मागितलेले असते. त्या वेळेच्या थोडे आधी जेवण किंवा फळ द्यावे, बाहेर फिरायला न्यावे, आईने नेहमीच्या जागी बसणे टाळावे. मुलाने मागितले तर द्यावे, स्वतःहून देऊ नये. चार-पाच दिवस, स्तन जड वाटत असतील तर आठवडा जाऊ द्यावा आणि मग दुसरे पाजणे काढावे. सकाळचे त्यानंतर, झोपण्यापूर्वीचे शेवटी काढावे. रात्री उठून पिण्याची सवय मोडताना बाबा किंवा आजी शेजारी झोपल्यास सोपे जाते. पहिल्या दोन-तीन रात्री मूल रडते, तेव्हा पाणी द्यावे, पाठीवर थोपटावे आणि निर्णय बदलू नये. वर्षावरील मुलाला ‘दुदू आता सकाळी’ असे आधीपासून सांगितले तर ते हळूहळू कळते.

स्तनाग्राला कडुनिंबाचा रस, मिरची किंवा कारल्याचा रस लावण्याची पद्धत अजून दिसते, तशीच मुलाला आठवडाभर मामाकडे पाठवण्याचीही. दोन्हींमुळे एका दिवसात दूध तुटते हे खरे आहे. पण मुलाला विश्वासाची जागा अचानक कडू होते आणि आईच्या स्तनात दूध तटून ताप येतो. मिरचीने तर दोघांनाही भाजल्याचे दुखणे होते. स्तन घट्ट बांधून ठेवणे किंवा दूध आटवण्याची गोळी परस्पर घेणे, हेही करू नये.

सोडवताना स्तन ठणकू लागले, तर आराम वाटेल एवढेच दूध हाताने काढावे. पूर्ण रिकामे केल्यास शरीर पुन्हा तितकेच दूध तयार करते. पहिले सहा महिने केवळ अंगावर पाजत असताना, पाळी आलेली नसेल तर गर्भधारणेची शक्यता फार कमी असते. वरचे अन्न सुरू झाल्यावर त्यावर विसंबू नये आणि डॉक्टरांशी संततिनियमनाबद्दल बोलून घ्यावे. पाजणे पूर्ण थांबल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने, दाबल्यास थेंबभर दूध दिसते. ते आटले का हे पाहण्यासाठी वारंवार दाबू नये. त्यानेच ते येत राहते. त्यात रक्त दिसले, एखादी गाठ दोन आठवड्यांनंतरही राहिली किंवा वर्षभरानंतरही दूध येत राहिले, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.